मानवमिती, विषमता आणि ‘सबळ वस्तुनिष्ठता’

विज्ञान मूल्यनिरपेक्ष असते, या गृहीतकाला स्त्रीवादी आणि वसाहतोत्तर विचाराने दिलेले आव्हान पुष्कळदा विज्ञानविरोध म्हणूनच समजले जाते. सांड्रा हार्डिंग यांच्या ‘हूज सायन्स? हूज नॉलेज?’ (१९९१) या ग्रंथातील प्रतिपादन मात्र नेमके उलट दिशेचे आहे. संशोधनाचा प्रश्न कोणी निवडला आणि तो कोणाच्या जीवनातून आला, याची तपासणी प्रचलित वस्तुनिष्ठता करीत नाही. म्हणून ती दुबळी राहते. वंचितांच्या जीवनापासून विचाराचा आरंभ केल्यास ‘सबळ वस्तुनिष्ठता’ शक्य होते, असे हार्डिंग मानतात. भारतातील मानवमितीच्या, म्हणजे मानवी शरीराच्या मोजमापाच्या शास्त्राच्या इतिहासावर हे प्रतिपादन तपासून पाहता येते.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नासिकांकाला, म्हणजे नाकाच्या रुंदीच्या उंचीशी असलेल्या शेकडा प्रमाणाला, जातिव्यवस्थेची गुरुकिल्ली मानले. नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खालचा, असा त्यांचा नियम होता. या नियमात मोजमापाच्या अचूकतेपेक्षा त्यामागचे गृहीतक अधिक निर्णायक आहे. उच्चनीचता वंशातून आली, हे आधीच धरून तिचा पुरावा देहावर शोधला गेला आणि सामाजिक अन्यायाला निसर्गनियमाचे रूप मिळाले.

डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये हे शास्त्र झुगारून दिले नाही. गो. स. घुर्ये यांनी संकलित केलेल्या मोजमापांच्या आधारे त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची तुलना केली. मानवमिती विश्वसनीय असेल तर दोघेही एकाच वंशाचे ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. या युक्तिवादातील ‘तर’ महत्त्वाचा आहे. शास्त्र मान्य केले तर अस्पृश्यतेचा वांशिक आधार ढासळतो. अमान्य केले तर रिस्ले यांचा नियमच उरत नाही. मोजल्या गेलेल्यांच्या बाजूने विचारलेला प्रश्न येथे पुराव्याची कसोटी अधिक कडक करतो.

इरावती कर्वे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. असममितीचा वंशाशी संबंध असावा, ही मार्गदर्शकाची धारणा त्यांच्या मोजमापांतून सिद्ध झाली नाही आणि ते त्यांनी तसेच नोंदविले. तरीही वि. म. दांडेकरांसह १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथात जात हेच मोजणीचे एकक राहिले. वंशश्रेष्ठत्वाचा दावा गेला. देहावरून समाज वाचण्याची पद्धत मात्र टिकली.

यावरून हार्डिंग यांच्या सिद्धांताचा एक भाग, जो वादात अनेकदा सुटतो, स्पष्ट होतो. भूमिदृष्टी जन्माने मिळत नाही; ती कमवावी लागते. संशोधक स्त्री आहे वा वसाहतीतील आहे, एवढ्याने विज्ञानाचे प्रश्न आपोआप बदलत नाहीत. ते बदलण्यासाठी मोजला जाणारा माणूस केवळ मोजणीचा विषय न राहता प्रश्नकर्ता व्हावा लागतो. ज्ञानसंस्थांमध्ये त्याला प्रवेश मिळतो की नाही, हा म्हणूनच केवळ सामाजिक न्यायाचा नव्हे, तर ज्ञानाच्या प्रामाण्याचाही प्रश्न आहे.