फुंक कोणाची, नाव कोणाचं?

आपले संगीत-समीक्षक रागावर लिहितात, घराण्यावर लिहितात. पोटासाठी पितळी वाद्य फुंकणाऱ्यावर लिहीत नाहीत. म्हणून उमरखेडच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहावं लागतं.

चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. वाद्य ट्रम्पेट. मुंबईत त्यानं स्वतःचा बँड उभा केला, ग्रीन्स आणि ताज हॉटेलांत गाजवला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

जाझ हे अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांनी घडवलेलं संगीत. १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा कलावंत बँड घेऊन ताजमध्ये आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली गोव्याची पोरं त्यांचं ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून तयार झाली. पण समोर नाचत कोण होतं? साहेब, संस्थानिक, शेठ. गुलामाचं दुःख तिथं दारूसोबतचा चखणा झालं.

पुढं सिनेमा. 'अलबेला' (१९५१) म्हटलं की सगळे सी. रामचंद्रांचं नाव घेतात. बरोबरच आहे, चाली त्यांच्याच. पण त्या ठेक्यात, त्या ट्रम्पेटमध्ये चिक आहे. त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या काळात संगीतकारानं चाल गुणगुणायची आणि कुठं व्हायोलिन, कुठं ट्रम्पेट, मधले तुकडे कोणते, हे गोव्याच्या अरेंजरनं कागदावर उतरवायचं, ही रीतच होती. रेकॉर्डवर त्याचं नाव क्वचितच. त्याच वर्षी 'नादान'चं संगीत चिकच्या नावावर लागलं, पण तो अपवाद. १९६७ साली तो गेला. गाणी अजून वाजतात.

आता त्याच्यावरही टीका करतो. चिकनं आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज घेतला, हातातला रुमाल घेतला. पण आर्मस्ट्राँग नुसता हसणारा नट नव्हता. १९५७ साली लिटल रॉकमध्ये काळ्या पोरांना शाळेच्या दारात अडवलं, तेव्हा त्यानं सरकारच्या वतीनं रशियाला वाजवायला जायला नकार दिला, राष्ट्राध्यक्षाला जाहीर सुनावलं. नकलेत रुमाल येतो, राग येत नाही. मित्रहो, हे आपल्यालाही लागू आहे. १९७२ साली आपण अमेरिकेतूनच पँथर हे नाव घेतलं. नुसतं नावच घेतलं का, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

दुसरी गोष्ट त्याहून कडू. बाबासाहेबांचं ऐकून आपल्या आजोबांनी गावकीची कामं टाकली, तेव्हा गळ्यातलं डफडंही टाकलं. बरोबर केलं. ती कला नव्हती, ती सक्ती होती. पण डफड्यासोबत वाजवणाऱ्याचा तिरस्कार आपल्यात कुठून आला? उमरखेडात लग्नाला बँड येतो. वाजवणारी पोरं आपल्याच वस्त्यांतली. ते मांडवाबाहेर उभे, जेवायला शेवटी. आपल्या लग्नातही! ताजमधल्या साहेबात आणि आपल्यात मग फरक काय उरला?

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हीच पोरं छाती फुटेस्तोवर फुंकतात. पत्रकावर मात्र अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे. यंदा पत्रक काढाल तेव्हा ढोलवाल्याचं, क्लॅरिनेटवाल्याचं, झांजवाल्याचं नाव छापा. पूर्ण नाव, आडनावासकट. शाई माझ्याकडून घ्या.