बाराशे फुलपाखरांचा हिशेब

मिमिक्री म्हणजे फसवणूक, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. १८६२ साली हेन्री बेट्सने अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांबद्दल मांडलं तेही असंच: खाण्याजोगं फुलपाखरू विषारी फुलपाखराचं रूप घेतं आणि पक्ष्याला चकवतं. पण दोन्ही विषारी असतील तर? मग कोण कोणाला फसवतंय?

ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन अभ्यासकाचा ‘इटुना आणि थायरिडिया’ हा १८७९चा निबंध याच प्रश्नाला भिडतो. मला तो आवडतो, कारण त्यात सरळ हिशेब आहे. अननुभवी पक्षी चव घेऊनच शिकतात. समजा, एखादं रंगरूप ‘कडू’ म्हणून ओळखेपर्यंत एका परिसरातले पक्षी एका उन्हाळ्यात १,२०० फुलपाखरं मारतात. तिथे एका जातीची २,००० फुलपाखरं आहेत, दुसरीची १०,०००. दिसायला वेगळ्या असतील, तर दोघींनाही प्रत्येकी १,२०० गमवावी लागतील. सारख्या दिसल्या, तर हा भार संख्येच्या प्रमाणात वाटला जाईल: पहिलीची २०० जातील, दुसरीची १,०००. फायदा दोघींचा, पण पहिलीची निम्मी संख्या वाचते, दुसरीची जेमतेम २ टक्के. उत्क्रांतीच्या अभ्यासातल्या सुरुवातीच्या गणिती मांडणींपैकी ही एक, आणि ती शाळेतल्या भागाकारात बसते!

माझी तक्रार इथून सुरू होते. हा हिशेब खरा, तर सगळ्या विषारी फुलपाखरांनी एकच युनिफॉर्म का घातला नाही? म्युलरचं गणित एका परिसरापुरतं आहे, जंगल त्याहून मोठं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस एराटो आणि हेलिकोनियस मेल्पोमेनी या जाती बहुतेक ठिकाणी हुबेहूब सारख्या दिसतात. पण प्रदेश बदलला की दोघींचीही नक्षी बदलते. जेम्स मॅलेट आणि निक बार्टन यांनी पेरूमध्ये एराटोची फुलपाखरं वेगळ्या नक्षीच्या प्रदेशात नेऊन सोडली. १९८९ साली त्यांनी निष्कर्ष छापले: परकी नक्षी कमी टिकली. तिथल्या पक्ष्यांना ती ओळखीचीच नव्हती.

म्हणजे तोच हिशेब एका जागी सारखेपणा आणतो आणि दोन जागांमधला फरक राखतो. शिवाय मेल्पोमेनी आणि तिची जवळची नातेवाईक सिडनो, या दोन्हींचे नर जोडीदार शोधताना आपल्याच नक्षीकडे ओढले जातात. त्यांच्या संकरातून आलेल्यांची नक्षी धड इकडची ना तिकडची. पक्षी त्यांच्यावर जास्त हल्ले करतात. अशाने दोन जाती वेगळ्या राहायला मदत होते.

म्युलरचा हिशेब मी उलटाही वाचतो. उद्या जंगलतोडीत ती १०,०००वाली जात संपली, तर उरलेल्या २,००० फुलपाखरांवर पुन्हा पूर्ण १,२००चा भार पडेल. कागदावर एकच जात गेलेली दिसेल आणि दुसरीची निम्म्याहून जास्त संख्या धोक्यात असेल. जैवविविधतेला जातींची यादी समजणाऱ्यांनी हा निबंध वाचावा. यादीत नावं मोजता येतात, एकीच्या जिवावर दुसरी किती तगून आहे हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.