हरित परिसर आणि चौकटीबाहेरचा माणूस

विद्यापीठ-महाविद्यालयांची जाहिरात हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही प्राध्यापक मित्र विचारतील. माझे उत्तर होय असे आहे. कथा-कवितेतून जसे एका वर्गाचे जग उभे राहते, तसे ते आज समाजमाध्यमांवरच्या दीड मिनिटाच्या चित्रफितीतूनही उभे राहते. त्या जगात कोण आहे आणि कोण नाही, हे तपासणे समीक्षेचेच काम आहे.

मी शिकवतो त्या महाविद्यालयात अशी एक चित्रफीत तयार झाली. उंचावरून टिपलेली झाडे, छतावरची सौर पॅनेल, गांडूळखताचा खड्डा, चार रंगांच्या कचरापेट्या, रोप लावणारे मान्यवर आणि शेवटी ‘शून्य कचरा परिसर’ ही अक्षरे. ती आपापल्या खात्यावरून पुढे पाठवा, अशी सूचना विद्यार्थ्यांना झाली. ती अक्षरे मीच लिहून दिली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

माझ्या आईने नगरपालिकेत झाडूकाम केले. घरात पदवी घेणारा मी पहिला. म्हणून असले चित्र पाहताना माझी नजर आधी झाडू शोधते. चित्रफितीत झाडू नव्हता. परिसर झाडणाऱ्या कंत्राटी बायांना चित्रीकरणाच्या दिवशी मागच्या इमारतीकडे पाठविले होते. त्यांच्यातल्या एका मावशींना मी चार पेट्यांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “सर, पेट्या चार हायेत, पण हातगाडी एकच. समदं एकातच जातं. मग मागं बसून आम्हीच निवडतो.” हातमोजे त्यांच्याजवळ नव्हते.

हा एकट्या संस्थेचा दोष नाही. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० साली ‘ग्रीनमेट्रिक’ ही जागतिक क्रमवारी सुरू केली. तिच्यात परिसर, ऊर्जा, कचरा, पाणी, वाहतूक, शिक्षण यांना गुण असतात आणि माहिती मुख्यतः संस्था स्वतःच पुरवितात. आपल्याकडे नॅकने २०१७ साली सुधारलेल्या आराखड्यात सातव्या निकषाला १००० पैकी १०० गुण दिले. त्यात हरित परिसर आणि पर्यावरण लेखापरीक्षण येत होते. मोजमाप नसावे असे मी म्हणत नाही. सौर पॅनेल खोटी नाहीत, झाडेही खरी आहेत. परंतु जे मोजले जाते तेच सजविले जाते, आणि कचऱ्याला गुण असून कचरा उचलणाऱ्या हातांसाठी रकाना नसला, की ते हात चौकटीबाहेर जातात.

पुढच्या अहवालात सफाई कामगारांवर एक पान असावे, असे मी समितीत सुचविले. उत्तर मिळाले, “हा आस्थापनेचा विषय आहे, पर्यावरणाचा नाही.” या एका वाक्यात साऱ्या हरित प्रतिमेचे तत्त्वज्ञान आहे. झाड हा निसर्ग, पाणी हा निसर्ग, आणि घाण उपसणारा माणूस मात्र आस्थापना! आमच्या चळवळीने ही फाळणी कधीच मान्य केली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. तरीही माणसे त्यात मरत राहिली, आणि मरणारे बहुतांशी आपलेच आहेत. स्वच्छता आज्ञा देणाऱ्यासाठी सद्गुण आणि करणाऱ्यासाठी जात, हा भेद हिरव्या रंगाने झाकला जात नाही.

विद्यापीठाला दुसरे काही करता येत नाही असे नव्हे. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचल्या. या स्त्रिया बहुसंख्येने दलित. त्या कामातून, डॉ. बाबा आढावांच्या साथीने, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचणारी बाई पर्यावरणाचे काम करणारी कामगार आहे, हे तिने शहराला मान्य करायला लावले. येथे विद्यापीठ स्वतःची प्रतिमा घेऊन नव्हे, आपली माणसे घेऊन रस्त्यावर गेले होते.

विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे एवढेच, की अशी चित्रफीत पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारा. परिसर झाडणाऱ्यांची नावे काय? त्यांना किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो काय? हातमोजे शेवटचे कधी दिले? उत्तरे मिळाली तर ती चित्रफितीबरोबर प्रसिद्ध करा; न मिळाली तर तेही प्रसिद्ध करा. मी दिलेली ती तीन शब्दांची ओळ मी मागे घेत आहे. त्या परिसरात कचरा शून्य नाही. तो मावशींच्या उघड्या हातांत आहे.