ऑर्वेल यांच्या नभोवाणी-दप्तरातील मराठी

जॉर्ज ऑर्वेल ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात बी.बी.सी.च्या भारतविषयक विभागात कार्यरत होते. तेथील त्यांच्या संहिता डब्ल्यू. जे. वेस्ट यांनी कॅव्हर्शमच्या अभिलेखागारातून १९८५ मध्ये प्रकाशात आणल्या. पीटर डेव्हिसन यांच्या वीस खंडांच्या समग्र आवृत्तीत (१९९८) कार्यालयीन पत्रव्यवहारही आला. संपादनाची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. मराठी अभ्यासकाचा प्रश्न मात्र निराळा आहे.

ऑर्वेल यांनी मराठी प्रसारणासाठीही वार्तापत्रे लिहिली. ती मराठीत आणून वाचणाऱ्यांत वेणू चितळे (१९१२–१९९५) होत्या. युद्धकालीन नियमानुसार संहितेवर धोरण व सुरक्षा अशा दोन तपासण्यांचे शिक्के उमटत. त्या शिक्क्यांचा अभ्यास पुष्कळ झाला. ज्या मराठीतून आघाडीवरील वार्ता श्रोत्यांच्या कानी पडली, ती मराठी दप्तरात जवळजवळ नाहीच. परिणामी चितळे यांची ओळख बहुधा ‘ऑर्वेल यांच्या सहायक’ एवढीच उरते. हे वर्णन खोटे नाही, अपुरे आहे. परक्या भाषेतील युद्धवार्तेस मराठी शब्द देणे हे लिपिकाचे काम नव्हे. ती पत्रकारिताच होय, आणि दप्तराच्या मांडणीत तिला स्वतंत्र स्थान नाही.

‘व्हॉइस’ या १९४२ मधील वाङ्मयीन कार्यक्रमाच्या छायाचित्रात त्या एलियट व मुल्कराज आनंद यांच्यासमवेत दिसतात. त्यांचे स्वतःचे सलग गद्य वाचावयाचे झाल्यास पुण्यातील एकत्र कुटुंबावरील ‘इन ट्रान्झिट’ (१९५०) ही कादंबरी हाती लागते, तीही इंग्रजीत.