तबलजी तेलातला

२०२० साली गांधीजयंतीला महिंद्राची नवी थार बाजारात आली आणि जुन्या जीपवाल्यांचा धर्मच बुडाला. जीपला ऑटोमॅटिक गिअर! म्हणजे पहिलवानाने छत्री घेऊन आखाड्यात उतरायचं!

मला मात्र ही जोडी जमलेली वाटते. टर्बो हा मोठ्या गवयासारखा. बैठकीला बसला तरी लगेच गात नाही, आधी खाकरतो. इंजिनाचे फेरे वाढून धुराचा जोर त्याच्या पंख्यावर पडेपर्यंत चाकांनी चिखलात ताटकळायचं. क्लचची गाडी तेवढ्यात आचके देऊन बंदही पडते. इथे टॉर्क कन्व्हर्टर मदतीला येतो. इंजिन आणि गिअर यांची गाठ तो तेलातून घालतो. चाक अडलं तरी इंजिन घुमत राहतं, वर सुरुवातीचा जोर वाढवून मिळतो. साथ करावी तर अशी! पेट्रोल थारचं तेच दोन लिटरचं इंजिन हाती गिअरबरोबर ३०० न्यूटन-मीटर जोर लावतं, ऑटोमॅटिकबरोबर ३२०.

उणं आहे ते उतारावर. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा लगाम जरा सैलच. तिथे 'फोर-लो'चा दांडा ओढून पहिला गिअर आपणच धरलेला बरा. शिवाय चिखलात फार घुसळलं की तेल तापतं. टर्बो आणखी फुगवणाऱ्या हौशींनी आधी तेलाच्या कूलरकडे बघावं.

पण आमच्या पवईत हे सांगायचं कुणाला? इथल्या बहुतेक थारांनी पाहिलेला सर्वांत अवघड चढ म्हणजे इमारतीच्या तळघरातून वर येणारा. आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी गाडी पहिल्या गिअरच्या पुढे जातेय कुठे?