दगडावरची गाय आणि दगडावरचे गाढव

पौडच्या पुढे मुळशी तालुक्यातल्या एका गावी देवळामागे एक वीरगळ आहे. तळाला आडवा पडलेला वीर, शेजारी गाई, माथ्यावर चंद्र-सूर्य. मी विद्यार्थ्यांना विचारले, हा कशापायी मेला? एक मुलगा म्हणाला, 'गुरं राखताना.' बरोबर आहे. गाय ही संपत्ती. ती राखताना मेलेल्याला दगडावर जागा मिळाली. मेलेली गाय पिढ्यान्‌पिढ्या ओढून नेणाऱ्यांचा दगड मात्र मला आजवर कुठे दिसलेला नाही.

ताम्हिणी उतरून कोकणात गेले की दगडावर दुसरा प्राणी भेटतो. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ तिथे आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली बाईवर चढलेले गाढव. जो हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होवो, असा त्याचा अर्थ. अपरादित्याच्या परळच्या लेखात (इ.स. ११८७) दान संस्कृतात आहे आणि शिवी तेवढी मराठीत. देणाऱ्या-घेणाऱ्यांची भाषा एक, धाक घालण्याची दुसरी!

आमचे पंडित या शिवीला मराठीचा जुना पुरावा म्हणून मिरवतात आणि चित्राला 'ग्राम्य' म्हणून नजरेआड करतात. कुणी म्हणतात, ती बाई म्हणजे भूमी. घटकाभर मान्य करू. तरी दान मोडणारा पुरुष आणि शिक्षा त्याच्या आईला, हा न्याय कोणाचा? ज्या व्यवस्थेला जमिनीचा हक्क टिकवायला बाईची विटंबना कोरावी लागते, तिच्या संस्कृतीचे गोडवे आपण का गावेत?

आणि गाढवच का? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना गावाबाहेर घालवले आहे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन ठरवले आहे. गाईचा मान आणि गाढवाची विटंबना मी या व्यवस्थेपासून वेगळी वाचू शकत नाही. माझ्या मते हे प्राणी नुसते प्राणी नाहीत. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ते सांगतात.

स्कॉटलंडात पिक्ट लोकांनी दगडांवर बैल, लांडगा, हंस, सामन मासा कोरला. बर्गहेडचे बैल प्रसिद्धच आहेत. त्या प्राण्यांचा अर्थ सांगणारा मजकूर मागे राहिलेला नाही, म्हणून तिथले अभ्यासक अजून वाद घालतात. आपल्याकडे चित्राशेजारी अर्थ लिहून ठेवला आहे. तेव्हा 'प्रतीक गूढ आहे' ही पळवाट आपल्याला नाही.

हाच ताम्हिणीचा रस्ता माणगाववरून महाडला जातो. तिथे २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. ग्रंथ जाळता आला. दगड तसाच उभा आहे. तो फोडू नये आणि त्याला शेंदूरही फासू नये. शिक्षकांनी मुला-मुलींना तिथे न्यावे, चित्र न झाकता लेख वाचून दाखवावा, आणि विचारावे: या दगडाने कोणाची जमीन राखली, आणि कोणाची अब्रू गहाण ठेवून?