बालन्याय आणि व्यसनोपचार : कायद्याच्या रचनेची एक चिकित्सा

एखाद्या कायद्याचे मूल्यमापन त्यातील आश्वासनांवरून करावयाचे, की त्या आश्वासनांपर्यंत जाणाऱ्या वाटेवरून, हा प्रश्न बालन्यायाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' हा हेतूच्या दृष्टीने उदार कायदा आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि व्यसनात सापडलेल्या विधिसंघर्षग्रस्त मुलाला उपचार केव्हा, कोठे आणि कोणत्या अटीवर मिळावयाचा, याचे उत्तर त्याच्या कलमांत शोधू लागल्यास निराशा पदरी येते. प्रस्तुत टिपणात या रचनादोषाचा विचार केला आहे.

या दोषाचे मूळ इतिहासात सापडते. अंमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा १९८५ चा. पहिला देशव्यापी बालन्याय कायदा १९८६ चा. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनानंतर, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, अनिल व सुनंदा अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, तेही १९८६ सालीच. दंडनीती, बालनीती आणि उपचार असे तीन प्रवाह दोन वर्षांच्या आत उगम पावले. परंतु मुलाच्या संदर्भात त्यांचा संगम मात्र झाला नाही. उपचारकेंद्रे मुख्यतः प्रौढांसाठी वाढली आणि बालगृहांत शिस्त व शिक्षण यांवर भर राहिला.

२०१५ च्या कायद्यातही या विभक्तपणाच्या खुणा दिसतात. मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणाऱ्याच्या शिक्षेचे असे काटेकोर मोजमाप आहे. मुलाच्या उपचाराला मात्र मुदत नाही आणि निश्चित जागाही नाही. कलम १८ अन्वये मंडळ व्यसनमुक्ती कार्यक्रमाचा आदेश देऊ शकते, पण तो चौकशीअंती मुलाने अपराध केल्याचे ठरल्यानंतर. कलम ५३ मध्ये व्यसनमुक्तीसाठी अन्यत्र पाठविण्याची सोय आहे, पण ती संस्थेत राहणाऱ्या मुलापुरती. कलम ९३ संस्थेतील व्यसनग्रस्त मुलाला मनोरुग्णालयात हलविण्याची मुभा देते. त्यासाठी आधार घेतला आहे तो १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाचा, ज्याची जागा २०१८ पासून २०१७ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे. सारांश, उपचाराला तीनच दारे आहेत : अपराधनिश्चिती, संस्था आणि मनोरुग्णालय.

आता केडगावचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. समजा, तो व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगतो आणि किरकोळ चोरीत सापडला आहे. जामीन हा या कायद्याचा नियम असल्यामुळे तो घरी परततो, आणि हे योग्यच आहे. परंतु त्याच क्षणी तो वरील तिन्ही दारांच्या बाहेर पडतो. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक चौकशी अहवालात मुलाच्या सवयींचा रकाना असतो. त्यात व्यसनाची नोंद होईल, पण त्या नोंदीवरून त्याला उपचारकाकडे नेण्याचे कर्तव्य कोणावर येते, हे कायदा सांगत नाही. पुण्याला जावयाचे तर पन्नासाहून अधिक किलोमीटरांचा प्रवास आणि बापाचा एक रोज बुडणार. असा प्रवास एकदा घडेल. आठवड्यामागून आठवडे घडणार नाही.

हा प्रश्न अपवादात्मक मुलांचा नव्हे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळले. मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या सुमारे ४.६ लाख अंदाजिली गेली. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात पर्यायी औषध देता येते. हुंगण्याच्या व्यसनावर तसा तोडगा नाही. तेथे समुपदेशन, शाळा आणि घर यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि ही तिन्ही साधने मुलाच्या गावातच असतात.

पुण्यातील मे २०२४ च्या मोटार-अपघात प्रकरणात जामिनाच्या आदेशात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती. तिचा देशभर उपहास झाला. त्याच आदेशात मद्यापासून दूर राहण्यासाठी वैद्यकीय साहाय्य व समुपदेशन घेण्याचीही अट होती, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. तो आदेश काही दिवसांत बदलला. त्याच्या योग्यायोग्यतेत न शिरताही एवढे म्हणता येईल की, जामिनाच्या टप्प्यावर उपचार सुचविणे अशक्य नाही. फक्त ते आज त्या त्या आदेशाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. उपचार जामिनाची अट झाला, तर पुन्हा घसरलेल्या मुलाचा जामीन जाणार काय? हा आक्षेप वजनदार आहे, कारण घसरण हा या आजाराचाच भाग आहे. शिवाय सोळा वर्षांवरील मुलाच्या घोर अपराधात त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन होते. समुपदेशकाजवळ दिलेली कबुली तेथे त्याच्याच विरुद्ध उभी राहिली, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणून उपचाराची सोय अपराधनिश्चितीपूर्वीच व्हावी, पण ती हक्क म्हणून असावी, धमकी म्हणून नव्हे. आणि तेथील बोलणे गुप्त राहावे. ही सोय दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात ठराविक वारी झाली, तरी वरील मुलाचे अंतर पुष्कळ कमी होईल.

केडगावच्या नावाशी निगडित असलेली एक आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मुली आश्रयाला येतील म्हणून वाट पाहत बसल्या नाहीत. मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी मुली आणल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना निवारा, शिक्षण व हस्तव्यवसाय एकाच जागी दिला. त्यांच्या धर्मकार्याविषयी मतभेद असू शकतील. परंतु गरजवंताने दारापर्यंत येण्याआधी दारानेच त्याच्याकडे जावे, हा त्या कार्याचा क्रम होता. आजच्या बालन्यायात तो क्रम उलटा आहे, आणि सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.